सैल बांधलेली झोळी

एकदा एक वृद्ध वनमाळी आपल्या रोपवाटिकेच्या अंगणात बसून शिष्येची प्रवासाची तयारी पाहत होते. तयारी तीन दिवस चालली होती आणि संपण्याचे काही लक्षण दिसत नव्हते.

कारण मोठे होते. डोंगरमाथ्यावरच्या दाट रानात एका दुर्मीळ वृक्षाची मोजकी झाडे उरली होती. ती सात वर्षांतून एकदा फळत. शेंगा वाळल्या की आठ दिवसांत तडकत आणि बी वाऱ्याबरोबर दरीत जाई. आजवर ते बी वनमाळी स्वतः आणत. या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला होता. झाडे पुन्हा फळतील तेव्हा आपण नसू, हे त्यांना ठाऊक होते, आणि शिष्येलाही. म्हणून तर ती भरलेली पिशवी पुन्हा पुन्हा रिकामी करून भरत होती.

जाऊन-येऊन चार दिवसांची वाट, तीन मुक्काम, सोबतीला कोणी नाही. रानातली जमीन ओली, उताराची, जळवांनी भरलेली. निजायचे ते दोन झाडांमध्ये झोळी टांगूनच, आणि शिष्या अशा झोळीत कधी निजली नव्हती. तिने तालुक्याच्या व्यापाऱ्याकडून तीन झोळ्या आणल्या होत्या. जाड कॅनव्हासची भक्कम होती, पण ती पाठीवर घेऊन घाट चढायचा म्हणजे दळणाचा डबा घेऊन चढण्यासारखे. दोऱ्यांच्या जाळीची हलकी होती, पण ती केसांत, बटणांत अडके. तिसरी पॅराशूटच्या कापडाची, घडी केली की तांब्यात मावेल एवढी. ती हातात घेतली की शिष्येला वाटे, ही फाटणार, आणि नेमकी माझ्याच अंगाखाली फाटणार.

“बाबा, तुम्हीच सांगा ना, कोणती नेऊ?” तिने दहाव्यांदा विचारले.

“ती पातळ कापडाची ने. घाटात खांदे तुझेच दुखणार आहेत. आता बांधून दाखव.”

तिने अंगणातल्या दोन फणसांना रुंद पट्टे गुंडाळले. सालीला काच पडू नये, हे तिला शिकवावे लागले नाही. मग तिने पाय रोवून, दात-ओठ खाऊन दोर ओढला. रोपवाटिकेत दहा वर्षे तिने रोपांवर सावलीची हिरवी जाळी बांधली होती, आणि तिथे सैल जाळी म्हणजे गुन्हाच. पाणी साचते, जाळी फाटते, वर बोलणी खावी लागतात. झोळीही तिने तशीच ताणून बांधली आणि जीव मुठीत धरून वर बसली. दोर करकरला, कडेची शिवण दोन बोटे उसवली, झोळी उलटली आणि शिष्या चिखलात.

“बघितलंत? मी म्हणत होते! मी कॅनव्हासचीच नेते, दोर दुहेरी घेते. नाहीतर बाबा, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. माझ्या हातून चुकलं तर तुमची सगळी मेहनत संपली.” बोलताना तिला रडू फुटले.

वनमाळी गुडघे धरत उठले, सुतळीचा गुंडा आणला आणि एक सुतळी दोन फणसांमध्ये अगदी ताठ बांधली.

“झारी भरून आण.”

“अहो बाबा, तिकडे शेंगा तडकायला लागल्या असतील, आणि तुम्ही झाऱ्या टांगताय?”

“भरून तर आण, पोरी.”

झारी मध्यभागी अडकवताच सुतळी ताडकन तुटली आणि दोघांचे पाय भिजले. वनमाळींनी त्याच गुंड्याचा दुसरा, लांब तुकडा घेतला आणि इतका सैल बांधला की मध्ये हातभर झोळ पडला. झारी पुन्हा भरून टांगली. ती संथपणे झुलत राहिली.

शिष्या बघतच राहिली. तेव्हा वनमाळी म्हणाले, “सुतळी तीच, झारी तीच. ताठ दोर दोन्ही झाडांना ओढत बसतो, त्यातच त्याचं बळ सरतं. सैल दोर वाकतो आणि भार झाडांवर सोडतो. जाळीला झोळ नको हे खरं, पण माणसाला निजायचं तर झोळ हवाच. तीन दिवस तू झोळी कुठे निवडत होतीस? कधीच दगा देणार नाही अशी वस्तू शोधत होतीस. तसली वस्तू कुठल्याच दुकानात नसते. पहिल्या खेपेला मी मूठभर बी आणलं होतं, बाकी सगळं दरीत गेलं. तेवढ्यावर ही रोपवाटिका उभी राहिली.”

शिष्येने डोळे पुसले. शिवण घातली, दोर सैल केला आणि झोळीत थोडी तिरकी आडवी झाली. कापडाने तिला अलगद सामावून घेतले. मग तिने पाठपिशवीत झोळी ठेवली, पट्टे ठेवले, वरून बांधायचे प्लास्टिक आणि खालून थंडी लागू नये म्हणून एक पातळ गोधडी. कॅनव्हासची झोळी व्यापाऱ्याकडे परत गेली.

पहाटे ती निघाली. वळणावर मागे वळून पाहते तो वनमाळी फाटकाचा बांबू दोन्ही हातांनी घट्ट आवळून उभे. भीती त्यांच्या तोंडावर लपत नव्हती.

“बाबा,” ती ओरडली, “दोर सैल सोडा!”

त्यांनी ओशाळून हात खाली घेतले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती परतली, अंगभर ओरखडे घेऊन. वनमाळींनी बियांचे विचारले नाही. विचारले ते इतकेच, “झोप लागली का गं?”

“पहिल्या मुक्कामाला तीनदा उठून दोर सैल केला. मग लागली.” तिने कमरेची पुरचुंडी सोडून त्यांच्या ओंजळीत रिकामी केली. “निम्म्या शेंगा आधीच फुटल्या होत्या, बाबा. मी तीन दिवस उशिरा गेले.”

वनमाळींनी बियांवर हळूच फुंकर घालून फोलपटे उडवली. “वाफे तयार आहेत,” ते म्हणाले, “हात धू आणि ये.”