सुबाना वस्तादाचा हात

फार वर्षं झाली. किती, ते आता कुणी नीट सांगत नाही. आमच्या खैरमाळावर तेव्हा सुबाना नावाचा वस्ताद होता आणि त्याच्यासारखा पट्टा चालवणारा त्या मुलखात दुसरा नव्हता. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढे लवलवतं लांब पातं, असा तो पट्टा. भर पावसात सुबाना तो फिरवायला लागला की डोक्यावरचा फेटा कोरडा राही, असं म्हणतात. तेरा जणांनी चहूबाजूंनी खडे मारले तरी एकही अंगाला शिवत नसे, असंही म्हणतात. थोडी मीठमिरची असेल, असू द्या.

अठरा गावांची पोरं त्याच्याकडे शिकायला येत. त्याची शिकवण्याची एक रीत होती. काठीचा फटका बसला की मोठ्यानं सांगायचं, "लागलं!" जो दात आवळून गप्प राही, त्याला तो त्या दिवशी घरी पाठवी. "लपवलंस तर त्याच जागी दुसरा बसंल," तो म्हणे. "आदी कबूल कर, मग आडव." धडधाकट गडी भर मैदानात लागलं लागलं म्हणून ओरडत, तेव्हा बघणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत.

मग एका साली गावात पटकीची साथ आली आणि सुबानाची बायको आवडी दोन दिवसांत गेली. सुबाना रडला नाही. तेराव्याचं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टा घेऊन मैदानात उभा होता. गाव म्हणालं, छाती असावी तर अशी. तेव्हा कुणीतरी त्याला धरून खाली बसवायला हवं होतं. आमच्याच पूर्वजांनी त्याला वाखाणलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घरात एकटी लेक उरली होती, तानू. तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. आबाच्या हातातला तांब्या हलायचा आणि पाणी उंबऱ्यावर सांडायचं. तिनं विचारलं तर तो म्हणे, थंडी आहे. थंडी सरली, चैत्र आला, अंगाची लाही व्हायला लागली, तरी याची थंडी काही जाईना.

चैत्रात माळजाईची जत्रा. दर जत्रेला तानू उजवा हात पुढे करून उभी राही, तळहातावर लिंबू ठेवी आणि सुबाना डोळ्यांना पट्टी बांधून एका वारात त्या लिंबाची दोन भकलं करी. तळहाताला ओरखडा नाही. तो खेळ बघायला लांबलांबून माणसं येत.

त्या दिवशी दुपारी घरातून निघताना ती म्हणाली, "आबा, औंदा नगो. हात हालतोय तुमचा."

"कुणाचा हात हालतोय?" सुबाना म्हणाला. "गाव जमलंय सगळं. आता माघारी फिरू व्हय?"

तानू लिंबू घेऊन निघाली. मैदानात ती उभी राहिली. हात मागे घेतला असता तर तो वाचला असता, पण मग भर गर्दीत आबाची मान खाली गेली असती. तिनं लिंबू ठेवलं. हलगी कडाडली. सुबानाने वार केला.

लिंबाची दोन भकलं खाली पडली. लोक "चांगभलं" म्हणून ओरडले, हलगी आणखी जोरात वाजायला लागली. तानूचा हात तसाच पुढे होता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "लागलं."

एवढ्या गलक्यात तो शब्द सुबानाला ऐकू गेला. त्यानं पट्टी काढली.

तानूची बोटं राहिली, पण ती पुन्हा कधी मिटली नाहीत. सुबानाने पट्टा देवळात नेऊन टांगला आणि तो पायी निघाला. अठराही गावांत गेला. प्रत्येक गावात आपल्या चेल्यांना गोळा करून त्यांच्यापुढे त्यानं हात धरला. "ह्यो हात सा म्हैनं हालत हुता," तो म्हणाला. "मला ठावं हुतं. आवडी गेली तवा लागलं हुतं, त्ये मी बोललो न्हाई. माझं लेकराला भोगावं लागलं." दगड फोडणारे गडी तिथं लहान पोरासारखे रडले. तो जिथं जिथं उभा राहिला, तिथं अजून गवत उगवत नाही, असं म्हणतात. आणि अठराव्या गावात बोलता बोलता त्याचा हात थांबला तो कायमचाच, असंही म्हणतात. पण हात थांबून आता काय उपयोग होता?

पीठ मळायला, भाकरी उचलून तव्यावर टाकायला दोन्ही हात लागतात. त्या दिवसापासून मरेपर्यंत घरातल्या भाकऱ्या सुबानाने थापल्या. पहिल्या पहिल्या फाटायच्या, करपायच्या. तानू मुकाट्यानं खाई. तिनं बापाला माफ केलं का, ते आख्यायिकेत नाही. विचारायची छाती कुणाला झाली नसावी.

अजून आमच्या गावात माळजाईच्या जत्रेला लिंबू कापत नाहीत. त्या दिवशी घरोघरी पुरुष भाकऱ्या थापतात आणि बायका पाटावर बसतात. थापता थापता वर्षभर जे लपवलं असेल ते सांगायचं, असा नेम आहे. बरेच जण हसण्यावारी नेतात. गेल्या साली आमचे केरबाअण्णा, सत्तरी ओलांडलेला माणूस, पिठात हात घालून बसले आणि म्हणाले, डाव्या डोळ्यानं दोन वर्षं झाली काही दिसत नाही.

पाटावर बसलेल्या त्यांच्या पत्नी हौसाबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय. सांगताय कवा, त्येची वाट बघत हुते."

मग त्यांनी पाट पुढे ओढला आणि करपायला लागलेली भाकरी उलटली.