यमाच्या अंगणातला हुतूतू

एकदा काय झालं, पोरांनो, नदीकाठच्या एका गावात दोन भाऊ होते. थोरला हंबीर, धाकटा बयाजी. हुतूतूत हंबीरसारखा गडी पंचक्रोशीत नव्हता. बयाजीला त्यानंच शिकवलं. रोज सकाळी त्याला नदीत गळ्यापर्यंत उभं करायचा आणि हुतूतू म्हणायला लावायचा. दम छातीत नको, पोटात धर, म्हणायचा. बयाजी चिडायचा, रडायचा, पण जायचा.

आणि एक दिवस हंबीर तापानं गेला.

बयाजी घरात थांबलाच नाही. दहावं-तेरावं होईपर्यंतही नाही. धावत सुटला, तो थेट यमाच्या अंगणात. तिथं काळी वाळू, डोक्यावर ऊन, आणि सावली कुणालाच नाही बरं का. माझा दादा द्या, म्हणाला. यमाचे गडी हसले. म्हणाले, रडून इथं कुणाला काही मिळालंय का? खेळून घे. तीन चढाया. एका दमात आमचा एक गडी शिवून परत गेलास, तर तुमचा एक उठेल. दम तुटला, तर तुझं काहीतरी आम्ही ठेवून घेऊ.

पहिल्या चढाईला बयाजी रागानं घुसला. सगळ्यांनाच लोळवायला निघाला. मध्येच दम तुटला. त्याचे केस पांढरे झाले.

मग दुसरी. आता तो घाबरला होता. दादा मारायचा तशी उडी मारायला गेला. पण ती उडी दादाच्या पायांची. हा आपटला. एक डोळा गेला.

मग तिसरी. यमाचा म्होरक्या म्हणाला, आता दम तुटला तर तू इथंच राहायचं. बयाजीला वाटलं, बरंच होईल की. मग त्यानं काही ठरवलंच नाही. राग नाही, युक्ती नाही. नुसता रेघ ओलांडून गेला. आणि बघा, दम आपोआप पोटात जाऊन बसला. पाय हलके पडायला लागले. नदीतल्या त्या सगळ्या सकाळी अंगात मुरलेल्या, त्या कुठं जातात? कोपऱ्याचा गडी झेपावला, त्याआधीच उरलेल्या डोळ्याला त्याचा वाकलेला गुडघा दिसला. बयाजीनं त्याला शिवलं आणि हुतूतू म्हणतच रेघेवर येऊन पडला.

पलीकडे त्या वर्षी गावातले गेलेले सगळे रांगेत उभे होते. हंबीर अगदी शेवटी. तो हलला नाही. पुढून उठून आली ती कुंभाराची चिमा, पुरात वाहून गेलेली.

"दादा, मी तुझ्यासाठी खेळलो," बयाजी म्हणाला.

"जो आधी बाद, तो आधी उठतो. विसरलास होय रे, वेड्या?"

विसरलाच होता. गावातलं शेंबडं पोर विसरणार नाही, ते हा विसरला. म्होरक्याच्या पाया पडला, आणखी एक चढाई मागितली. तीन म्हणजे तीन, तो म्हणाला.

मग हंबीर एवढंच बोलला, "दम मात्र चांगला धरलास."

बयाजी चिमाला खांद्यावर घेऊन गावात आला. कुंभारीण धावत आली, पोरीला कुरवाळत मातीतच बसली. बयाजीची आई दारात उभी होती. तिनं त्याचे पांढरे केस पाहिले, मग त्याच्या मागची वाट पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली.

कुंभाराच्या घरी सगळे सुखात राहिले. खरंच राहिले. बयाजीच्या घरीही चूल पेटायची, माणसं जेवायची, अंथरुणं पडायची.

आता निजा. नाही, हंबीर नाही आला. पुढं काही नाही. पांघरूण घ्या आणि निजा.