राखेखालचं आलं

फार पूर्वी, डोंगराच्या एका उतारावर, श्रावणातल्या सकाळी एका मुलीच्या हातात आल्याचा कोंब आपोआप निघून आला. तिने तो ओढला नव्हता. शेजारचं गवत खुरपताना हात नुसता लागला, आणि कोंब सुटला, दुधाचा दात पडावा तसा. बुडाशी तो तपकिरी आणि ओला होता. त्याला आल्याचा वासही नव्हता. वेगळाच, आंबूस, कोंदट वास येत होता.

मुलगी दचकली. तशी ती कशालाही दचकायची. पाखरू फडफडलं तरी, मागून कुणी खाकरलं तरी. म्हणून सगळे तिला दचकीच म्हणत.

त्या उतारावर नऊ शेतं होती, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. कुणाचंच शेत मोठं नव्हतं. पण प्रत्येक शेताला काहीतरी ठाऊक होतं. एकाला मधमाश्या कुठे बसतात ते कळे, एकाला कुठल्या शेंगेच्या सोबतीने जमीन भरते ते कळे, एकाच्या शेणखताला तर वासच येत नसे. आणि कुणाला ठाऊक झालेलं त्याच्यापाशीच राहत नसे, कारण प्रत्येक बांधावर एक सपाट दगड होता. हाकेचा दगड. काही नवं कळलं की त्या दगडावर उभं राहून हाक द्यायची. शेजारच्याने आधी "ओ" द्यायची, मग तीच हाक पुढच्या शेताला पोचवायची. अशी एक गोष्ट नऊ शेतांत फिरायला भाकरी भाजायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे.

कोंब मुठीत घेऊन दचकी दगडावर चढली. तोंडाशी हात नेले. तेवढ्यात खालच्या शेतातल्या काकूंनी मान वर केली.

"काय गं दचके? आज काय दिसलं? घोंगडीला पिल्लं झाली का?"

त्याचं असं होतं, की आदल्या वर्षी दचकीने "वाघ, वाघ" अशी हाक दिली होती. नऊ शेतांतली माणसं काठ्या घेऊन धावली. पाहतात तर कुंपणावर काकूंचीच घोंगडी वाळत होती. त्या दिवशी सगळे पोट धरधरून हसले, दचकीची आईसुद्धा.

"काही नाही काकू," दचकी म्हणाली. "गोम होती."

ती दगडावरून उतरली. कोंब बांधाच्या कडेला पुरला, वर चुलीतली राख पसरली, आणि हात तीनदा धुतले. वास गेला नाही.

भाद्रपदात आणखी चार कोंब सुटले. तिने तेही पुरले. राखेचं वर्तुळ मोठं झालं.

मग एकदा ती वरच्या शेतात ताक मागायला गेली. तिथल्या काकांच्या आल्याच्या वाफ्यात, अगदी कोपऱ्यात, राखेचं एक वर्तुळ होतं.

"काका, ही राख कशाला?"

"अं? ती होय. मुंग्या झाल्यात गं." काका तिच्याकडे न बघता म्हणाले, आणि ताकाचं भांडं काठोकाठ भरून दिलं. एरवी ते अर्धंच देत.

परतताना तिने खाली पाहिलं. काकूंच्या शेतात दोन वर्तुळं होती.

"काकू, तुमच्याकडे पण मुंग्या?"

"झाल्यात मेल्या. तू घाबरतेस की काय मुंग्यांना?"

दचकी घरी आली ती विचार करतच. दोन शेतांत एवढ्या मुंग्या, आणि तिच्या अनवाणी पायाला एकही चावली नव्हती.

सगळे असं लपवत का होते? पूर्वी हाकेत दोन्ही असायचं. पिकलं तेही सांगत, बिघडलं तेही सांगत. मग एका वर्षी शेवटच्या शेतातल्या माणसाच्या वालाला कीड लागली, आणि त्याने तशी हाक दिली. कुणीतरी थट्टेने म्हणालं, "कीड वालाला नाही रे, तुझ्या हाताला आहे." वाईट मनाने नव्हे, आपलं सहज. सगळे हसले. तो माणूसही हसला. पण त्यानंतर त्याने बिघडलेल्या पिकाची हाक कधी दिली नाही, आणि हळूहळू बाकीच्यांनीही नाही. हाका मात्र थांबल्या नाहीत. उलट वाढल्या. "ओऽ, माझा भोपळा दोघांना उचलेना!" "ओऽ, माझ्या मिरचीला पानापेक्षा मिरच्या जास्त!" अशा हाकांना ओ लगेच मिळे. उतार दिवसभर गाजत असे, आणि ऐकणाऱ्याला वाटे, इथे सगळं छानच चाललं आहे.

माघ आला. आलं काढायचे दिवस.

आता त्या उतारावर एक जुनी रीत होती. आल्याचं बेणं, म्हणजे पुढच्या वर्षी लावायचे गड्डे, कुणी घरात ठेवत नसे. सगळ्यात वरच्या शेतात, बेणेआजोबांच्या अंगणात, एक खोल खड्डा होता. नऊ शेतांचं बेणं त्यात एकत्र ठेवायचं. वर वाळू, मग पाला, मग ओली माती लिंपून तो बंद करायचा. चैत्र सरताना उघडायचा आणि सारखे वाटे करायचे. कुणाचा गड्डा कुणाकडे गेला ते विचारायचं नाही. एखाद्याचं पीक बुडालं तरी त्याला बेणं मिळावं, म्हणून कुणा भल्या माणसाने ही रीत घातली होती. बेणेआजोबा खड्ड्याची राखण करत. नऊही शेतांचं आलं मूळचं त्यांच्याच बेण्यातून आलेलं. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे, आणि त्यांच्याकडे कधी काही बिघडलं असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

खड्डा लिंपायचा दिवस उजाडला. ऊन डोक्यावरून कलायच्या आत तो बंद करायचा होता. सकाळपासून टोपल्या वर जात होत्या. दचकीच्या घरची तेवढी राहिली होती.

आई गड्डे निवडत होती. तजेलदार, फुगीर, चांगल्या डोळ्यांचे. दचकीने त्यातला सगळ्यात देखणा गड्डा उचलला आणि नख लावलं. मग विळी ओढून मधोमध कापला.

आत तपकिरी कडं होतं. वास तोच. श्रावणातला.

तिने दुसरा कापला. तोही तसाच. तिसरा स्वच्छ निघाला. चौथा पुन्हा तसाच.

"अगं, बेणं कापतेस काय!" आई ओरडली. मग तिने फोडी पाहिल्या आणि तिचा आवाज खाली आला. "दार लोटून घे."

"आई, हे वर न्यायचं नाही."

"मग काय रिकामी टोपली नेऊ? नऊ घरं विचारतील. आपल्या हातात दोष आहे म्हणतील. उद्या वाटा द्यायलाही मागेपुढे पाहतील."

"पण बाहेरून कळतच नाहीये. खड्ड्यात एक गेलं तरी..."

"चांगले दिसतात ते वर ठेव. एकदा खड्ड्यात पडलं की कुणाचं कुठलं कोण ओळखतंय?"

"तेच तर, आई," दचकी म्हणाली. "तेच तर."

आईने पदराने फोडी झाकल्या, जणू त्यांना थंडी वाजत होती.

दचकीच्या डोळ्यांपुढे राखेची ती सगळी वर्तुळं आली. पाणी वरून खाली येतं. काकांच्या वाफ्यातलं तिच्याकडे, तिच्याकडचं काकूंकडे. म्हणजे ज्या टोपल्या सकाळी हसत हसत वर गेल्या, त्यांतही हेच असणार. तीन महिने ते गड्डे अंधारात एकमेकांना चिकटून पडतील. चैत्रात खड्डा उघडला की नऊ शेतांना मिळून एक गड्डाही लावण्याजोगा उरणार नाही. मग बेणं आणायचं कुठून? उतारावर तर दुसरीकडे कुठेच नव्हतं.

ती उठली आणि दगडाकडे चालू लागली. वाटेत एक सरडा सरकला, त्यालाही ती दचकली. पण थांबली नाही.

"ओऽऽ!" तिने हाक दिली. "खड्डा लिंपू नका! आल्याला कूज लागलीय!"

ओ आली नाही.

खालून काकूंचा आवाज आला. "दचके, घोंगडी घरातच आहे गं माझी!" दोघंतिघं हसले. वरच्या शेतात काकांनी कुदळ मारायचा वेग वाढवला. कुदळींच्या आवाजात तिची हाक तिथेच विरली. कुणी पुढे पोचवली नाही.

तिने पुन्हा हाक दिली. "काका, पोचवा ना! वर सांगा, माती टाकू नका!"

"कुणाच्या आल्याला कूज म्हणतेस तू?" काका वळून म्हणाले. आवाजात राग होता, आणि रागाच्या आत दुसरंच काही. "पुरावा नसताना दुसऱ्याच्या शेताला नाव ठेवायचं नाही, पोरी."

दचकीने मान वर केली. वर, सगळ्यात वरच्या शेतात, बेणेआजोबा मातीचं घमेलं उचलताना दिसत होते. बोटाएवढे. ऊन कलत होतं.

मग तिला कळलं, की आपण चुकीची हाक देत आहोत. लोकांना सांगतो आहोत की तुमच्याकडे काय आहे. आपल्याकडे काय आहे ते अजून सांगितलंच नाही. दगडावर उभं राहून सांगायची पहिली गोष्ट तर तीच होती. श्रावणापासून.

तिला रडू येत होतं. तिने ते येऊ दिलं आणि त्याच आवाजात हाक दिली.

"ओऽऽ! माझ्या शेतात कूज आहे! श्रावणात मला पहिला कोंब सापडला. तुम्ही हसाल म्हणून मी तो पुरला. वर राख टाकली. मग आणखी चार पुरले. आमच्याकडे मुंग्या नाहीत! आज आमचं बेणं कापलं, वरून चांगलं दिसतं, आतून गेलंय! माझी चूक झाली! मी तेव्हाच सांगायला हवं होतं!"

काकांची कुदळ हवेतच राहिली.

मग खालची कुदळ थांबली. मग तिच्या खालची. काकू खुरपं हातात घेऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी आपल्या दोन वर्तुळांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी ओही दिली नाही. नऊही शेतांत कुणीच काही करत नव्हतं, म्हणून उतारावर एवढी शांतता झाली, की तिच्या हाकेचा शेवटचा तुकडा कुणी न पोचवताच चढत चढत वर गेला. हवं होतं, होतं, होतं.

आई घरातून बाहेर आली. हातात त्या कापलेल्या फोडी होत्या, उघड्या. ती येऊन दगडापाशी मुलीच्या शेजारी उभी राहिली. दगडावर दोघींना जागा नव्हती, म्हणून खालीच.

वर, बोटाएवढे बेणेआजोबा वाकलेलेच होते. मग त्यांनी मातीचं घमेलं बाजूला ठेवलं, आणि आपल्या हाकेच्या दगडाकडे चालू लागले. त्या दगडावर ते कित्येक वर्षांत चढले नव्हते. चढताना त्यांनी दोनदा हात टेकले.

दचकीने श्वास रोखला.

"ओऽऽऽ!"

आवाज म्हातारा होता, मधेच फाटत होता. पण नऊच्या नऊ शेतांना ऐकू गेला.

"ओ, पोरी! ऐकलं! खड्डा उघडा आहे! सगळ्यांनी वर या, येताना विळ्या आणा, एकेक गड्डा कापून बघू! आणि माझ्यापासून सुरुवात करा! माझ्या अंगणात तीन वर्षांपासून राख आहे!"

तात्पर्य: पिकलेलं सांगितल्याने शेजाऱ्याला आनंद होतो, पण बिघडलेलं वेळेवर सांगितल्याने त्याचं शेत वाचतं, म्हणून आपली चूक सांगणाऱ्याच्या हाकेला सगळ्यात आधी ओ द्यावी.