सात बंदुकांची एक बंदूक

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्याला आता नक्की आठवत नाही. बंदुका सात होत्या की आठ, याचीही त्याला अधूनमधून शंका येते. सातच असाव्यात.

डोंगराळ मुलखातल्या एका छोट्या राज्यात शस्त्रागाराचा एक म्हातारा सरदार होता. स्वीडन नावाच्या बर्फाळ देशात घडवलेल्या जुन्या शिकारी बंदुका जमवायचा त्याला नाद होता. स्वतः तो शिकार करत नसे. सकाळच्या उन्हात बसून एकेकीवर तेलाचा बोळा फिरवावा, कुणा परक्या शिकाऱ्याच्या गालाने घासून दस्त्याला आलेली चकाकी न्याहाळावी, एवढंच त्याचं सुख.

राज्याची रीत अशी, की खंडेनवमीला शस्त्रपूजा झाल्यावर सरदाराने निवडलेलं शस्त्र राजाने चालवायचं. शस्त्राने दगा दिला, तर शस्त्रागाराच्या किल्ल्या त्याच दिवशी दुसऱ्याकडे. यंदा प्रथमच बंदुकीची पाळी होती.

किल्ल्यांवर डोळा ठेवून असलेला एक तरुण सरदार संग्रह बघायला आला आणि हसला. "काका, हे शस्त्रागार की धर्मशाळा? हिचा दस्ता तडकलेला, हिची नळी बाहेरून गंजलेली, हिचा बोल्ट खिळखिळा!"

म्हाताऱ्याला ते झोंबलं. पण प्रत्येकीत काहीतरी निर्दोष होतंच. त्याने ठरवलं, सातही मोकळ्या करायच्या आणि चांगले तेवढे भाग जोडून एक बिनखोट बंदूक उभी करायची.

शस्त्रं साफ करणारी म्हातारी शिकलगारीण कळवळली. "सरकार, हा बोल्ट म्हणजे नळीचं मागचं दार. जो आकडा नळीवर ठोकलाय, तोच त्याच्यावर. एका घरातली माणसं ही. साठ वर्षं एकमेकांवर घासलीत, तेव्हा कुठे जमलंय त्यांचं."

"अगं, पण हा बोल्ट आरशासारखा, आणि ती नळी सुतासारखी सरळ. दोन उत्तम एकत्र आले तर वाईट कसं होईल?"

"लग्नं जमवतानाही असंच म्हणतात, सरकार."

सरदार हसला, पण ऐकलं नाही. आठ दिवस राबून, लावून बघण्याजोगा प्रत्येक भाग कानशीने आणि वाळूने घासून त्याने ती बंदूक तयार केली. दिसायला अशी देखणी, की तो स्वतःच तिच्याकडे बघत राहिला. खंडेनवमीला तीन दिवस उरले असताना त्याने चाप ओढला.

टक्.

पुन्हा ओढला. टक्.

"वाजली नाही हे नशीब," शिकलगारीण म्हणाली. "वाजली असती, तर हे दार आज तुमच्या, नाहीतर खंडेनवमीला राजाच्या तोंडावर उघडलं असतं."

सरदाराने कानशी बाजूला ठेवली आणि भिंग उचललं. "सातही पुन्हा जोडायच्या." कुठला भाग कुठला, हे आपल्याला पाठ आहे असं त्याला वाटत होतं. ते खोटं ठरलं. आकडे बघावेत, तर चकचकीत करताना त्यानेच बरेचसे घासून टाकले होते. तिसऱ्या दिवशी एकच बंदूक पुरी झाली. तडकलेल्या दस्त्याची. तिच्यातून त्याने एक स्क्रू तेवढा घेतला होता. ती घासण्याच्या लायकीची त्याने मानलीच नव्हती, म्हणून तिचे आकडे शाबूत होते.

पूजेच्या पाटावर ती बघून तरुण सरदाराने तोंडावर उपरणं धरलं. राजानेही विचारलं, "एवढ्या बंदुकांतून हीच निवडलीत?"

"निवडली नाही, महाराज," सरदार मान वर करून म्हणाला. "माझ्या हातून बिघडायची राहिली ती एवढीच."

राजाने टेकडीकडे रोखून चाप ओढला. बार असा दणकला, की खोऱ्यातली पाखरं उडाली.

किल्ल्या सरदाराकडेच राहिल्या. पण सहा बंदुका सुट्या पडल्या होत्या. त्या पुन्हा जुळवायचा हट्ट त्याने सोडला नाही. रोज भिंग घेऊन तो बसे, हा भाग त्याला लावून बघे, जुळला नाही की पुसून ठेवी. अशी अकरा वर्षं गेली. दोन बंदुका अखेरपर्यंत जुळल्याच नाहीत. मात्र तो आरशासारखा बोल्ट आपल्या गंजलेल्या नळीत बसला, आणि ती बंदूक पहिल्याच ओढीला वाजली. दोष बोल्टचा नव्हता, हे सरदाराने तेव्हा स्वतः पडताळून पाहिलं.

उत्तमाला उत्तम जोडलं म्हणून जोडी होत नाही. एकमेकांसोबत झिजलेलेच वेळेला एकमेकांना धरून राहतात.