अभिराजचा जोड

“तिची गाडी तुमच्या गॅरेजात कशी काय आली, वस्ताद?”

“चाकावर आली,” गाडीखालून आवाज आला.

अभिराज दारातच उभा होता. अंगात चॅम्पियनचं लाल जाकीट, कपाळावर गॉगल, आणि तोंड असं, जसं काही कुणी पुढ्यातलं ताट उचलून नेलंय.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत दस्तगीर मिस्त्रींना सगळे वस्तादच म्हणतात. तरुणपणी तालमीत घुमले, मग इंजिनांत रमले, ते आजतागायत. माळावरच्या मातीच्या ट्रॅकवर अभिराज ओळीनं पाच वर्षं पहिला आला. पाचही वर्षं गाडी बांधली वस्तादांनीच. पेठेत पोराचा काय तोरा सांगावा! पानपट्टीवर उभा राहिला तरी लोक फोटो काढून घ्यायचे.

उद्या सहावी फायनल. आणि आज त्याच्या लाल गाडीला खेटून केतकी निंबाळकरची निळी गाडी उभी! फलटणची ही पोरगी यंदा प्रत्येक शर्यतीत त्याच्या पाठोपाठ दुसरी आलेली.

“माझी गाडी बांधायची आणि तिचीही?”

“व्हय.”

“इंजिन माझ्यासारखंच?”

“डिट्टो.”

“आणि उद्या मी हरलो तर?”

“तर हरशील.”

“पाच वर्षं गावभर तुमचं नाव केलं, वस्ताद. त्याचं हे असं?”

वस्ताद गाडीखालून सरपटत बाहेर आले. कंबर धरून उठले, फडक्याला हात पुसले आणि गॅरेजचं लोखंडी दार आतून लावून घेतलं. दाराच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगानं पाच ओळी लिहिल्या होत्या. दर सालच्या फायनलमधली अभिराजची सगळ्यात वेगवान फेरी.

“वाच. मोठ्यानं.”

“एक मिनिट सोळा सेकंद,” अभिराज छाती काढून म्हणाला. “दुसऱ्या साली सोळाच. मग सतरा... अठरा...”

पाचवी ओळ त्यानं मनातच वाचली.

“मोठ्यानं म्हटलं न्हवं?”

“...एकोणीस.”

“गाडी दरसाल सुधारत गेली. तू?”

“पण जिंकलो की! गेल्या साली तर मागं कुणी दिसतसुद्धा नव्हतं.”

“कसं दिसंल? ती माणसं तुला हरवायला पळत न्हाईत, लेका. दुसरं यायला पळत्यात.”

वस्तादांनी फडकं खांद्यावर टाकलं.

“तालमीत वस्तादाचं काम काय असतंय?”

“डाव शिकवायचं.”

“डाव कुणीबी शिकवंल. वस्तादानं जोड बघून द्यायचा असतो.”

जोड म्हणजे तोलामोलाचा गडी. पेठेतल्या पोराला हे काय वेगळं सांगायचं? पण अभिराजच्या ते घशाखाली उतरेना.

तेवढ्यात अजान झाली. वस्तादांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि हातातला पाना अभिराजच्या हातात दिला.

“तिचं मागचं डावं चाक आत्ताच बसवलंय. नट नुसते हातानं फिरवलेत. आवळून ठेव. मी नमाज पढून येतो.”

“मी? तिचं चाक?”

वस्ताद केव्हाच चपला घालून गेलेसुद्धा.

गॅरेजात तो एकटा. आणि ती निळी गाडी.

त्यानं पहिला नट आवळला. दुसरा. तिसरा. चौथ्याला पाना लावला आणि हात थांबला.

तीन आवळलेत की. चौथा थोडा सैल राहिला म्हणून कुणाला कळणार आहे? फार काही होणार नाही, चाक जरासं थरथरेल, वळणावर पोरगी बिचकेल, ॲक्सिलरेटरवरचा पाय ढिला करेल... सहावा चषक घरात.

जाकिटाच्या आत त्याला दरदरून घाम फुटला.

...

वस्ताद परत आले तेव्हा अभिराज पायरीवर बसला होता. पाना शेजारी ठेवलेला.

वस्तादांनी चाकाकडं बघितलंही नाही. गाडीवर ताडपत्री ओढली आणि दोऱ्या बांधायला लागले.

“तपासणार नाही?” अभिराजनं विचारलं.

“काय?”

...

दुसऱ्या दिवशी माळावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. सात फेऱ्यांपर्यंत अभिराज पुढं, पण निळी गाडी काही केल्या मागं पडेना. आठव्या, शेवटच्या फेरीत ती त्याच्या उजव्या हाताला येऊन भिडली. खिडकीतून त्याला तिचं मागचं डावं चाक दिसत होतं. धूळ उडवत, गरागरा, जागच्या जागी घट्ट.

ते चाक निखळणार नाही, हे अख्ख्या माळावर त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे आता जिंकायचं तर स्वतःच्याच पायावर.

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. आणि पाच वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या वळणावर त्यानं पाय उचलला नाही. गाडी आडवी सरकली, माती छपरावरून गेली, लोक ओरडायचे थांबले... आणि धुरळ्यातून लाल गाडी बाहेर पडली. निळीच्या हातभर पुढं!

हातभरच. पण ती फेरी मारली होती एक मिनिट चौदा सेकंदांत. त्या ट्रॅकवर एवढी वेगवान गाडी कुणी म्हणून कुणी हाकली नव्हती. माणसं कठडे ओलांडून धावली, हलग्या कडाडल्या, गुलालात कोण कुणाचं ते ओळखू येईना.

अभिराज चषक घेतल्या घेतल्या गर्दीतून वाट काढत वस्तादांपाशी आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“चौदा, वस्ताद! चौदा सेकंद!”

“बघितलं.” वस्तादांनी त्याच्या केसांतली माती झटकली. डोळे भरून आलेले, ते धुळीच्या नावावर खपवले.

“चला, आता पेठेत. सगळी वाट बघायला लागलीत. आधी आपण दोघं चहा घेऊ.”

वस्ताद जागचे हलले नाहीत. ते पलीकडं बघत होते. निळ्या गाडीच्या बॉनेटवर केतकी हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती, एकटीच, आणि बोटानं हवेत ते शेवटचं वळण पुन्हा पुन्हा काढून बघत होती.

“चुकली कुठं ती?” वस्तादांनी विचारलं.

“वळणाच्या आधी,” अभिराज चटकन म्हणाला. “गिअर एक क्षण लवकर टाकला. नाहीतर गेली होती पुढं.”

“मग तिला सांगून ये. तवर मी चहा थांबवतो.”