कढई गप्प झाली

“...पण चव न घेताच कसं कळलं तुम्हाला?”

ऋजुताच्या हातातल्या ताटलीतून नूडल्सची वाफ निघत होती. सिमला मिरची, गाजर, काळी ऑलिव्ह, वर सुकवलेल्या टोमॅटोच्या फिती. अम्मांनी ती ताटली परत सारली होती. घासही न घेता. या महिन्यातली ही तिसरी वेळ.

“कळलं,” अम्मा म्हणाल्या.

गोंदियाकडच्या जंगलाला लागून एक तिबेटी वसाहत आहे, तिथल्या मठाचं हे स्वयंपाकघर. भिक्षुणी देचेन चाळीस वर्षं ते सांभाळत होत्या. लहानथोर सगळे त्यांना अम्मा म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांसाठी रीत एकच. अम्मा ज्या दिवशी तुमच्या हातची ताटली पुसून संपवतील, त्या दिवशी तुम्ही मोकळे.

ऋजुताला मोकळं व्हायचं होतं. नागपुरात तिचं छोटंसं हॉटेल तयार होतं, रविवारी उघडणार होतं. चिनी कढई आणि भूमध्य समुद्राकाठची चव, ही तिची स्वतःची कल्पना. न सांगता निघून जाणं सोपं होतं. दोन दिवस ती बॅग भरत होती आणि पुन्हा रिकामी करत होती.

“मी शिजवताना तुम्ही पाठ करून बसता. बघत नाही, चाखत नाही. ही कसली परीक्षा, अम्मा?”

“ऐकते ना.”

“काय ऐकता?”

“कढई. आधी छान बोलत होती. मग तू आठ जणांचं एकदम ओतलंस. गप्प झाली बिचारी.” अम्मा जरा थांबल्या. “आणि ते तुझं ऑलिव्हचं तेल... धूर निघेपर्यंत तापवलंस. ते तर ओरडत होतं, पोरी.”

ऋजुताचे कान तापले.

“मग हे आधी सांगायचं होतं! अकरा महिने झाले मला इथे. तुम्हा मोठ्या माणसांना सरळ सांगायला काय होतं?”

“सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी.”

“कधी?”

“तू बोलत होतीस तेव्हा.”

...

ऋजुतानं ताटली खाली ठेवली. कढई घासली, पुसून कोरडी केली, मोठ्या आचेवर चढवली. अम्मांनी पाठ फिरवली.

शेंगदाण्याचं तेल. मूठभर कांदा, गाजर, कोबी. चर्र झालं. मग नूडल्स, एका माणसापुरत्या. आवाज बसायला लागला की ती हात आखडता घ्यायची. चढला की परतायची. एकदाही तिनं अम्मांच्या पाठीकडे पाहिलं नाही.

गॅस बंद केला. आणि मगच ऑलिव्हच्या तेलाची बारीक धार. कच्ची.

अम्मा वळल्या. ताटली मांडीवर घेऊन सावकाश खाऊ लागल्या. शेवटची कोबीची काडीही राहिली नाही. बोटानं तळ पुसला.

कशी झाली, हे ऋजुतानं विचारलं नाही. अ‍ॅप्रन सोडून खुंटीला अडकवला. वाकून पायांना हात लावला. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून हाक आली.

“गॅस बंद केलास, तेव्हा काय ऐकू आलं?”

ती थांबली.

“...काहीच नाही, अम्मा. माझी बडबडसुद्धा नाही.”

“तेवढं घेऊन जा.”