नाव कोणाचं?

समुद्रात पडलेल्या वस्तूही बोलत, त्या काळची ही गोष्ट. होड्या बांधणाऱ्या सुताराची एक करवत खाडीत पडली आणि दात वर करून दगडांत रुतून बसली.

एके दिवशी एक करवतमासा त्याच्या लांब दातेरी सोंडेसकट कोळ्यांच्या जाळ्यात अडकला. जाळं ओढत तो कसाबसा तिच्यापाशी आला. "आत्याबाई, जरा घट्ट राहा. हे जाळं तुमच्या दातांवर घासतो."

"आत्या कोणाची? माझं नाव लावून फिरतोस, ते आधी परत कर."

"तुमचं कसं? लोखंड सापडलं नव्हतं तेव्हापासून आमच्या घराण्याला हे दात आहेत."

"दात असतील. पण माणसानं आधी मला पाहिलं, म्हणून तुला करवत म्हटलं. कबूल कर, मग राहते घट्ट."

"मेलो तरी करणार नाही."

वाद अकराव्या पिढीपर्यंत पोचला, तेवढ्यात वरून कोळ्यांनी जाळं खेचलं. मासा गेला.

आता नाव एकट्या करवतीचं होतं. तिनं ते दोनदा मोठ्यानं उच्चारून पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं, की एवढ्या समुद्रात तिला आत्या म्हणणारा तो एकटाच होता.